धरण बांधायचे, पण पैसे कोणाचे?

मुंबईचा एखादा नकाशा उघडून दक्षिणेकडचा भाग पाहा. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक अशी नावे तुम्हाला सापडतील. यांपैकी एकाही ठिकाणी आज तलाव नाही. पण ही नावे ज्या काळात पडली, त्या काळात मुंबईकर खरोखरच या तलावांचे आणि घरोघरच्या विहिरींचे पाणी पीत असत. वस्ती वाढली, तसे तलाव घाण झाले आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठू लागल्या. १८५० नंतरच्या दशकात एकदा पावसाने अशी ओढ दिली, की शहरातील गुरे माहीमकडे हलवावी लागली आणि नव्यानेच सुरू झालेल्या आगगाडीने पाणी आणून ते शहरातील विहिरींत ओतावे लागले.

आगगाडीने पाणी! ही गोष्ट जुन्या काळची वाटते खरी. पण २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनेच पाणी आणावे लागले होते. अंतर सुमारे ३४० किलोमीटर. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. आता एक भागाकार करा. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या आसपास होती. २५ लाखांना तिने भागले, की माणशी साडेसहा लिटर येते. पन्नास वाघिणींची एवढी लांबलचक गाडी, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धी बादली!

म्हणून शहराला पाणी हवे असेल, तर ते आधी कोठेतरी साठवायला हवे आणि नळाने आणायला हवे. त्याला दुसरा मार्ग नाही. धरण कसे बांधतात, त्याच्या भिंतीवर पाण्याचा दाब कसा पडतो, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. या लेखात आपण भिंतीच्या आधीचा भाग पाहणार आहोत. धरण केवढे हवे हे नगरपालिका कशी ठरवते, त्यासाठी पैसा कोठून आणते आणि तो शेवटी कोणाच्या खिशातून जातो? उदाहरण मुंबईचेच घेऊ. याचे कारण असे, की भारतातील अनेक शहरे राज्य सरकारच्या धरणांतून पाणी विकत घेतात. मुंबई महानगरपालिकेने मात्र स्वतःची धरणे स्वतः बांधली आणि आजही ती सांभाळते.

पाऊस किती, पाणी किती?

प्रथम एक सोपे माप लक्षात ठेवा. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी पडले? चौरस किलोमीटर म्हणजे १० लाख चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे १,००० घनमीटर, म्हणजेच १० लाख लिटर. यालाच एक दशलक्ष लिटर म्हणतात. पाणीपुरवठ्याच्या सगळ्या हिशेबांत हेच माप वापरतात. तुमच्या शाळेतील पर्जन्यमापकावर १ मिलिमीटर ही किती क्षुल्लक नोंद दिसते! पण चौरस किलोमीटरभर पसरली, की ती १० लाख लिटर होते.

आता समजा, दोन लाख वस्तीचे एक गाव आहे. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण आपल्याकडे धरतात. म्हणजे गावाला रोज २७ दशलक्ष लिटर हवे, आणि वर्षाला ९,८५५ दशलक्ष लिटर. हे गाव कोकणाच्या डोंगराळ भागात असेल आणि तेथे वर्षाला २,५०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर त्यातील सगळा पाऊस काही तलावात येत नाही. काही जमिनीत मुरतो, काही झाडे पितात, काही वाफ होऊन उडतो. साठ टक्के वाहून आला असे धरले, तर एका चौरस किलोमीटरमागे १,५०० दशलक्ष लिटर मिळतील. म्हणजे साडेसहा चौरस किलोमीटरच्या खोऱ्यावर गावाचे भागेल. ज्या खोऱ्यातील पाऊस वाहत येऊन तलावात जमतो, त्याला पाणलोट क्षेत्र म्हणतात.

तेच गाव सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत असेल तर? पाऊस ५०० मिलिमीटर, आणि जमीन कोरडी असल्यामुळे वाहून येणारे पाणी समजा वीसच टक्के. चौरस किलोमीटरमागे मिळाले १०० दशलक्ष लिटर. म्हणजे पाणलोट क्षेत्र जवळजवळ १०० चौरस किलोमीटर हवे, कोकणातल्याच्या पंधरापट! पाऊस पाचपटीने कमी आहे, पण पाणी पंधरापटीने कमी मिळते, हे नीट ध्यानात घ्या. दुष्काळी भागातील नगरपालिकेची अडचण तिच्या तिजोरीपासून सुरू होत नाही. ती आकाशापासून आणि मातीपासून सुरू होते.

हे झाले सरासरी पावसाचे. पण तहान सरासरीवर भागत नाही. शेतीसाठी धरण बांधताना शंभरांपैकी ७५ वर्षे ते भरेल, एवढी खात्री पुरेशी मानतात. पिण्याच्या पाण्याला शंभरांपैकी ९५ वर्षांची खात्री हवी. पीक एखादे वर्ष गेले तर शेतकऱ्याचे हाल होतात, पण पाण्याशिवाय माणूस आठवडाही काढू शकत नाही. म्हणून पिण्याच्या पाण्याचे धरण वाईटातल्या वाईट वर्षाचा विचार करून आखावे लागते आणि त्या प्रमाणात ते महाग पडते.

शिवाय आपला पाऊस चार महिन्यांचा नोकर आहे. तो पगार चार महिने आणतो, पण घरखर्च बारा महिने चालतो. मुंबई महानगरपालिका दर वर्षी १ ऑक्टोबरला तलावांतील साठा मोजते आणि तो पुढच्या ३१ जुलैपर्यंत पुरवायचा असे धरून चालते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून उपयुक्त क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर आहे आणि शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पुरवले जाते. भागाकार केला, तर सगळे तलाव काठोकाठ भरले तरी साठा साधारण ३७० दिवसांचा, म्हणजे वर्षभराचाच होतो. एका वर्षीचा पाऊस पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावा, अशी सोय जवळजवळ नाही. २०२४ साली जून उजाडण्यापूर्वीच साठा खालावला, तेव्हा ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात करावी लागली, ती यामुळेच.

विहारपासून वैतरणेपर्यंत

मुंबईचे पहिले धरण विहारचे. हेन्री कॉनीबिअर नावाच्या अभियंत्याने त्याची योजना मांडली, १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये पाणी नळाने शहरात आले. सुरुवातीला दररोज ३२ दशलक्ष लिटर. १८६४ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती आठ लाखांवर भरली होती. म्हणजे माणशी चाळीस लिटरसुद्धा नाही. धरण पुरे होऊन चार वर्षे झाली नाहीत, तोच ते अपुरे पडले होते! आजच्या मुंबईला तर पूर्ण भरलेला विहार तलाव केवळ सात दिवस पुरेल.

विहारसाठी पैसा सरकारने पुढे केला आणि त्याची फेड मात्र नगरपालिकेच्या माथी आली. त्या वेळची नगरपालिका म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांचा कारभार होता. कर भरणाऱ्या नागरिकांना त्यात बोलायला जागा नव्हती. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे आयुक्त झाले. त्यांनी शहर स्वच्छ करण्यासाठी धडाडीने कामे केली आणि तेवढ्याच धडाडीने खर्चही केला. कर वाढले, तिजोरीत खडखडाट झाला आणि १८७१ साली करदात्यांनी मोठी ओरड केली. आमच्या पैशाचा हिशेब विचारण्याचा हक्क आम्हाला हवा, ही त्यांची मागणी होती. त्यातून १८७२ चा कायदा आला. ६४ सभासदांची महानगरपालिका स्थापन झाली आणि त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. मत सगळ्यांना नव्हते, ठरावीक कर भरणाऱ्यांनाच होते. तरी एवढे खरे, की या शहरात मताचा हक्क रस्ते, गटारे आणि पाणी यांच्या खर्चावरील भांडणातून आला.

पुढची धरणे भराभर सांगतो. १८७९ मध्ये तुळशी. १८९० च्या सुमारास घाईघाईने बांधलेले पवई. त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही, म्हणून ते दुसऱ्या कामांना वापरतात. १८९२ मध्ये तानसा. येथे मुंबईने प्रथमच ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या डोंगरांत हात घातला. तानसाची दगडी भिंत पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे. ती एका दमात पूर्ण उंचीची केली नाही. गरज वाढेल तशी १९१५, १९२५ आणि १९४८ या साली तिची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. ही हुशारी होती. जे पाणी तीस वर्षांनी लागणार, त्याच्यासाठी आजच कर्ज काढून व्याज भरत बसण्यापेक्षा पाया मजबूत ठेवावा आणि उंची नंतर वाढवावी, हे किफायतीचे. पैशाचा विचार धरणाच्या आकारात कसा उतरतो, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

१९५७ मध्ये वैतरणा नदीवर मोडकसागर झाले. ते बांधणारे महानगरपालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांचे नाव तलावाला दिले आहे. मोठमोठ्या पुढाऱ्यांची नावे असलेल्या जलाशयांच्या गर्दीत एका अभियंत्याचे नाव पाहून बरे वाटते. १९७३ मध्ये उच्च वैतरणा आणि १९८० नंतर भातसा ही दोन धरणे राज्य सरकारने बांधली. शेवटचे मध्य वैतरणा. ते पुन्हा महानगरपालिकेने स्वतः बांधले. १०२ मीटर उंचीच्या या धरणाचे पाणी २०१४ पासून मुंबईला मिळते.

कर्ज कशाला?

येथे तुम्ही विचाराल, नगरपालिकेने दर वर्षी थोडे थोडे पैसे बाजूला टाकावेत आणि पुरेसे साठले की धरण बांधावे. कर्ज काढून व्याज कशाला भरायचे?

आपल्या दोन लाखांच्या गावाकडे परत जाऊ. समजा, धरण, जलवाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र मिळून १०० कोटी रुपये लागणार आहेत. गावाने वर्षाला ५ कोटी शिल्लक टाकली तर वीस वर्षे जातील. या वीस वर्षांत तहानलेलेच राहून जे लोक पैसे भरतील, त्यांतील कित्येक जण धरण पुरे होईपर्यंत हयात नसतील, आणि धरणाचे पाणी पिणाऱ्यांनी त्यासाठी काहीच भरलेले नसेल. शिवाय तोवर सिमेंट, लोखंड, मजुरी सगळेच महागलेले असेल.

उलट ८ टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी कर्ज घेतले, तर दर वर्षी सारखा हप्ता सुमारे ८ कोटी ८८ लाख रुपये पडतो. तीस वर्षांत एकूण २६६ कोटींच्या वर भरावे लागतात हे खरे, पण पाणी लगेच मिळते आणि जो पितो तोच भरतो. मात्र आज तुम्ही पंधरा वर्षांचे असाल, तर शेवटचा हप्ता भरला जाईल तेव्हा तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे असाल. हा निर्णय तुम्हाला न विचारता तुमच्या वतीने झालेला असेल. म्हणूनच नगरपालिकेला वाटेल तेवढे कर्ज काढता येत नाही. त्यासाठी राज्य सरकारची परवानगी लागते.

हा हप्ता एक हजार लिटरमागे किती पडतो? वर्षाचे पाणी ९८ लाख ५५ हजार घनमीटर, आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. ८ कोटी ८८ लाखांना त्याने भागा. उत्तर येते ९ रुपये. यात वीज, क्लोरिन, तुरटी, पगार, दुरुस्ती काहीच धरलेले नाही.

आता याच हिशेबात एक भोक पाडू. समजा, धरणातून निघालेल्या पाण्यापैकी एक तृतीयांश पाण्याचे पैसेच मिळत नाहीत. काही फुटक्या नळातून गळते, काही चोरून घेतले जाते, काही बंद पडलेल्या मीटरमधून मोजले न जाता जाते. कर्जाचा हप्ता तर कमी होत नाही. मग तो उरलेल्या दोन तृतीयांश पाण्यावर बसतो, आणि नऊ रुपयांचे साडेतेरा होतात. जो प्रामाणिकपणे पाणीपट्टी भरतो, तो गळणाऱ्या पाण्याचेही पैसे भरतो.

हे कल्पित गावाचे झाले. खुद्द मुंबईत पाव भागाहून अधिक पाण्याचा हिशेब लागत नाही. ३,९०० चा पाव भाग म्हणजे ९७५ दशलक्ष लिटर. मध्य वैतरणा धरणापासून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर मिळतात. म्हणजे दोन मध्य वैतरणा धरणांपेक्षाही जास्त पाणी रोज वहीबाहेर जाते! नव्या धरणाचे उद्‌घाटन करता येते, फीत कापता येते. रस्त्याखालचा शंभर वर्षांचा गंजका नळ बदलला, तर त्याची बातमी वाहतूक अडल्याचीच येते. पण मला विचाराल तर खर्चाच्या यादीत नळाचा क्रमांक धरणाच्या वर हवा.

मुंबईच्या पाणी खात्याचे हिशेब इतर कामांपासून वेगळे ठेवण्याची पद्धत एका कर्जातूनच पक्की झाली. १९७३ साली जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेने मुंबईच्या पाणीपुरवठा व मलनिःसारण योजनेसाठी साडेपाच कोटी डॉलरचे कर्ज दिले. पाण्याचे उत्पन्न पाण्यावरच खर्च व्हावे आणि खात्याने आपल्या पायावर उभे राहावे, असा त्यामागे आग्रह होता. शहरात मीटर असलेल्यांकडून पाण्याच्या वापराप्रमाणे पैसे घेतात. त्याशिवाय मालमत्ता करात जललाभ कर म्हणून एक रक्कम असते. ज्या जागेच्या आसपास पाण्याची सोय झाली, त्या जागेची किंमत वाढली. म्हणून जागेच्या मालकानेही भांडवली खर्चाचा वाटा उचलावा, हा त्यातील विचार.

आणि पाण्याचा दर? २०२२ साली झालेल्या वाढीनंतर झोपडपट्टीसाठी हजार लिटरला ५ रुपये २८ पैसे आणि इमारतींतील घरांसाठी ६ रुपये ३६ पैसे असा दर होता. बाजारात लिटरभर पाण्याची बाटली वीस रुपयांच्या आसपास मिळते. हजार बाटल्या म्हणजे वीस हजार रुपये! घरगुती पाणी स्वस्त ठेवून तारांकित हॉटेलांकडून त्याच पाण्याचे कित्येक पट अधिक पैसे घ्यायचे, अशी येथे रीत आहे. त्यामुळे गरिबाच्या नळाला पाणी परवडते. पण ज्या वस्तीत नळच पोहोचलेला नाही, तेथील माणूस कॅनने आणि टँकरने पाणी घेतो आणि या दराच्या कित्येक पट पैसे मोजतो. दर कमी ठेवल्याने त्याचा काहीच फायदा होत नाही. त्याला नळ हवा असतो.

उताराचे पाणी आणि पंपाचे पाणी

खर्च दोन प्रकारचा असतो. एक, बांधताना एकदाच होणारा भांडवली खर्च. दुसरा, रोजचा चालू खर्च. यातला फरक तुम्हाला पदार्थविज्ञानाच्या वहीत सापडेल.

एक हजार लिटर पाण्याचे वस्तुमान एक हजार किलोग्रॅम. ते १०० मीटर उंच चढवायला लागणारी ऊर्जा म्हणजे १,००० × ९.८ × १००, अर्थात ९ लाख ८० हजार ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणून सुमारे ०.२७ युनिट. पंप आणि मोटर यांत काही ऊर्जा वाया जाते, ती धरली तर ०.४ युनिट. युनिटला आठ रुपये धरले, तर तीन रुपयांच्या वर खर्च येतो. हजार लिटर पाणी सहा रुपयांना विकायचे असेल, तर त्यातले निम्मे पैसे नुसत्या शंभर मीटरच्या चढाला गेले!

तानसा आणि वैतरणेची धरणे शहरापेक्षा उंचावर आहेत. तेथून पाणी पोलादी वाहिन्यांतून आणि बोगद्यांतून आपल्याच वजनाने उतरत भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे येते. वाहिन्या महाग, पण विजेचे बिल नाही. उच्च वैतरणेचे पाणी तर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर साठते, आणि खाली मोडकसागरात येताना वाटेत ६० मेगावॉटचे वीजघर चालवून येते.

भातसाची गोष्ट निराळी. सात तलावांच्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसात आहे. पण त्याचे पाणी वाहिनीने न आणता नदीतच सोडतात आणि बरेच खाली, पिसे येथे बंधाऱ्याशी उचलतात. नदी ही फुकटची जलवाहिनी. तेवढ्या लांबीच्या पोलादाचा पैसा वाचतो. मात्र वाटेत पाण्याने आपली उंची गमावलेली असते, म्हणून पिशाला ते पंपाने चढवावे लागते, रोज, वर्षानुवर्षे. पंप बंद पडले, वीज गेली, की मुंबईच्या मोठ्या भागात त्या दिवशी नळ कोरडे. कोणताही अभियंता योजना आखताना हाच तराजू हातात घेऊन बसतो. एका पारड्यात आजचे लोखंड, दुसऱ्यात उद्याची वीज.

वीस वर्षांचा उशीर

मुंबईच्या पुढच्या गरजेचा विचार करण्यासाठी जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिने १९९४ मध्ये अहवाल दिला आणि मध्य वैतरणा, गारगाई व पिंजाळ अशी तीन धरणे सुचवली. पहिल्याचे पाणी यायला २०१४ उजाडले. पूर्ण वीस वर्षे!

या काळात वस्ती थांबली होती का? १९९१ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या ९९ लाख होती. २०११ मध्ये ती १ कोटी २४ लाख झाली. पंचवीस लाखांची भर. त्यांना माणशी १३५ लिटर द्यायचे म्हटले तर रोज ३३७ दशलक्ष लिटर हवेत. मध्य वैतरणेचे ४५५ दशलक्ष लिटर, त्यातून पाव भाग गळतीचा वजा करा, उरतात ३४१. म्हणजे नवे धरण वाढलेल्या वस्तीपुरते झाले आणि जुनी तूट तशीच राहिली. मध्य वैतरणेला केंद्र सरकारच्या २००५ सालच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून मदत मिळाली होती. अशी मदत कामाची असते. पण ती मिळेल म्हणून वाट पाहत बसले, की उशीर होतो, आणि उशिराची किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नसते.

गारगाईपासून रोज ४४० दशलक्ष लिटर मिळतील, असा अंदाज आहे. परंतु त्यासाठी तानसा अभयारण्याच्या जंगलाचा भाग पाण्याखाली जाईल, झाडे लाखांच्या घरात तुटतील आणि आदिवासी गावे उठवावी लागतील. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तानसा बांधताना या गोष्टी खर्चाच्या रकान्यात धरल्या जात नसत. आज पुनर्वसन, पर्यायी वनीकरण यांचे पैसे धरावे लागतात. त्यामुळे धरण महाग झाले असे म्हणतात. खरे तर धरण पूर्वीही तेवढेच महाग होते. फरक एवढाच, की तेव्हा बिल गावकरी भरत आणि आता ते कागदावर येते.

धरणाच्या पायथ्याशी

तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. या तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. समोर तलाव दिसतो, आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. असे का व्हावे?

पाचशे वस्तीचा एक पाडा घ्या. ग्रामीण नळयोजनेत माणशी ५५ लिटर धरतात. म्हणजे रोज साडेसत्तावीस हजार लिटर. तलावापासून ते दीडशे मीटर चढवायचे असेल, तर वरच्याच सूत्राने हजार लिटरला सुमारे ०.६३ युनिट, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा युनिट वीज लागेल. वर्षाचे बिल पन्नास हजार रुपयांच्या आसपास. शंभर घरांत वाटले तर घरामागे महिन्याला चाळीस-बेचाळीस रुपये. हा आकडा आपल्याला घाबरवण्यासारखा नाही. पाण्याचे म्हणाल, तर मुंबईच्या रोजच्या पाण्याच्या लाखाव्या भागाहूनही ते कमी आहे.

म्हणजे अडचण पदार्थविज्ञानाची नाही आणि पाण्याचीही नाही. अडचण आहे ती पंप, वाहिनी आणि टाकी यांच्या भांडवलाची, मोटर जळली तर ती दुरुस्त करणाऱ्या माणसाची, आणि ते धरण कोणाच्या मालकीचे आहे, याची. महानगरपालिकेला कर्ज मिळते, कारण तिला कर मिळतो. ग्रामपंचायतीचा कर एवढासा, म्हणून तिला कोणी कर्ज देत नाही; तिला जिल्हा परिषदेकडे आणि सरकारी योजनांकडे पाहावे लागते. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा विषय ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांच्या यादीत घातला. विषय हाती आला, पैसा त्याच्यामागून त्याच वेगाने आला नाही. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी आणण्याची एक योजना आखण्यात आली आहे. भावली घाटमाथ्यावर असल्यामुळे हे पाणी पंपाशिवाय, उताराने येणार आहे. बांधायला महाग, चालवायला स्वस्त. ज्या पंचायतीला विजेचे बिल भरणे जड जाते, तिच्यासाठी हीच रचना योग्य.

तुमच्या गावाचे अंदाजपत्रक नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत पाहायला मिळते. शिक्षकांना बरोबर घेऊन जा आणि चार आकडे उतरवून आणा. पाणीपट्टीचे वर्षाचे उत्पन्न, पाणीपुरवठ्याचा वर्षाचा एकूण खर्च, त्यातील विजेचे बिल, आणि रोज सोडले जाणारे पाणी. हजार लिटरला खर्च किती आणि उत्पन्न किती, हे वर्गात फळ्यावर मांडा. मग पाणी कोठून येते ते विचारा, नकाशात त्या जागेची उंची पाहा, आणि विजेच्या बिलाचा आकडा तुमच्या सूत्राशी जुळतो का ते तपासा. फार मोठी तफावत आली, तर पंप जुने आहेत किंवा पाणी मोजणारे यंत्र बंद आहे. दोन्हींपैकी काय, हे पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारले तर तो नक्की सांगेल.